हवेतले पंधरा तास

मोबाईल परत हातात आला तेव्हा त्यावर बेबीताईचे अकरा मिस्ड कॉल होते. अकोल्यातल्या त्या मूल्यांकन केंद्रात पेपर तपासायला बसण्याआधी सगळ्यांचे फोन दाराशी एका प्लास्टिकच्या टोपलीत जमा करून घेत, आणि जेवणाच्या सुटीत शिपाई एकेकाचं नाव घेऊन ते परत देई. अश्लेषा टोपलीजवळ उभी होती. बोटांना लाल शाई लागलेली होती आणि मागून कुणीतरी विचारत होतं, "मॅडम, डब्यात काय आज?" "वांग्याची भाजी," ती म्हणाली. आजारपण सांगायला कुणी अकरा वेळा फोन करत नाही, हे तिला त्या क्षणी कळलेलं होतं. तरी ती "वांग्याची भाजी" म्हणाली, आणि आवाज अगदी रोजचा होता. कॉरिडॉरच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन तिने फोन लावला.

"कवापासून फोन लावून राहिली मी ताई," बेबीताई म्हणाली. रडत नव्हती. "सायेब गेले वो. पाऊन वाजता. चहा घेतला अर्धा कप, म्हनले पंखा वाढव. मी पंखा वाढवून मागं वयली तं मान कलंडलेली. मंग हात धरून बसली मी. दोन-तीन खेपा श्वास घेतला त्याहीनं, अन् बस. वामनरावनं डॉक्टरले आनलं, तो बी पाहून गेला."

बेबीताई तीन वर्षांपासून अमरावतीच्या घरी वडिलांची देखभाल करत होती. सकाळी आठला यायची, रात्रीचं जेवण भरवून जायची, आणि मार्चमध्ये वडिलांनी अंथरूण धरलं तेव्हापासून जातही नव्हती. चिंतामणराव चौऱ्याऐंशी वर्षांचे. पंचेचाळीस वर्षं वकिली केलेला माणूस. शेवटी शेवटी घरातल्या भिंतीलाही "मायलॉर्ड" म्हणायचे. अश्लेषा अकोल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिथेच दोन खोल्यांचा फ्लॅट, एकटीचा. मार्चपासून तीही बहुतेक अमरावतीलाच राहून जाऊन-येऊन करत होती. पंच्याण्णव किलोमीटर, एसटीने दोन तास. आणि नेमकी गेले दोन दिवस ती तिथे नव्हती.

टोरांटोत तेव्हा पहाटेचे सव्वाचार वाजले असतील, हा हिशेब तिने बोटांवर न करताच केला. सतरा वर्षांत तो हिशेब अंगात मुरला होता. गौरांगने दुसऱ्याच घंटीला उचललं. "निघ," ती म्हणाली. "मिळेल त्या विमानानं निघ." पलीकडे पांघरूण सरकल्याचा आवाज झाला, त्याच्या बायकोने, स्वरालीने, झोपेत काहीतरी विचारलं, आणि मग भावाचा आवाज आला, बेचाळीस वर्षांच्या माणसाचा तो आवाज नव्हताच. "ताई, आहेत ना पण?"

"आहेत," ती म्हणाली.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर ती हा शब्द तोंडात घोळवत राहिली. तो कुठून आला, हे तिला सापडत नव्हतं. तिने ठरवलं नव्हतं. उलट टाकीपाशी उभी असताना "बाबा गेले" हे दोन शब्द तिने मनात जुळवूनही ठेवले होते. पण त्याने विचारलं "आहेत ना?" आणि प्रश्नातच उत्तर तयार होतं, फक्त उचलून परत द्यायचं होतं. बाहेर नवतप्याचं, मेअखेरच्या त्या नऊ दिवसांचं ऊन होतं. बोरगाव गेलं, काटेपूर्णा गेलं. नवा रस्ता इतका गुळगुळीत झालाय की बस कुठे हलतही नाही, आणि न हलणाऱ्या बसमध्ये विचारांना कुठे धक्का लागत नाही, ते सरळ चालत राहतात. तो पंधरा तास विमानात एकटा बसेल, दोन अनोळखी माणसांच्या मधे, त्याला कशाला सांगायचं, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. ते पटण्यासारखं होतं. कुणालाही पटलं असतं. पण मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस पाच मिनिटं थांबली आणि तेवढ्यात तिला दुसरंच काही दिसलं. "गेले" म्हटलं असतं तर त्याने पुढे विचारलं असतं, कधी. कसे. आणि मग, तू जवळ होतीस ना?

ती नव्हती. आणि तिला अकोल्याला यावंच लागलं होतं असंही नव्हतं. शनिवारी प्राचार्यांनी स्वतः फोन करून म्हटलं होतं, "मॅडम, वडील आजारी आहेत, तुमचं नाव कमी करून टाकू का? दुसऱ्याला पाठवतो." आणि ती म्हणाली होती, "नको सर, एवढ्यानं काय होतं." वडील आतल्या खोलीतून हाक मारत होते तेव्हा. दर दहा मिनिटांनी मारायचे, आणि गेलं की विचारायचे, "तू कोण?" अडीच महिने तिने सलग चार तास झोप घेतली नव्हती. रविवारी संध्याकाळी ती अकोल्याच्या फ्लॅटवर आली, कूलरमध्ये पाणी भरलं, दाराला कडी लावली, आणि नऊ तास झोपली. सोमवारी पेपर तपासले आणि पुन्हा येऊन झोपली. मंगळवारी सकाळी आरशात तिला तिचा चेहरा पाच वर्षांनी लहान वाटला होता. त्या रविवारीच गौरांगने विचारलं होतं, "मी येऊ का ताई? तू सांग फक्त." आणि तिने सांगितलं होतं, "घाई नाही. डॉक्टर म्हणतात, असेच महिनाभरही राहतील." डॉक्टर असं म्हणाले होते खरं. पण त्याआधी ते असंही म्हणाले होते, की काही सांगता येत नाही.

घाई नाही म्हणायला कारण होतं. याआधी दोनदा तिने त्याला बोलावलं होतं आणि दोनदा तो धावत आला होता. पहिल्यांदा वडील दवाखान्यातून चौथ्या दिवशी घरी आले. दुसऱ्यांदा, गेल्या दिवाळीच्या आधी, तो पोचला तेव्हा वडील अंगणात खुर्ची टाकून बसलेले, आणि सून का नाही आणली म्हणून त्याच्यावर चिडलेले. तो हसला होता. पण परत जाताना बॅग गाडीत ठेवता ठेवता म्हणाला होता, "आता रजा उरली नाही गं. पुढच्या वेळी नीट बघून सांग." म्हणजे तिने मरण नीट बघून सांगायचं होतं. आणि त्याच्याही आधी, आईच्या वेळी, तो पाचव्या दिवशी पोचला होता. बर्फामुळे तिकडचा विमानतळ बंद होता, मग दुबईत अडकला. तेव्हा तिने मोबाईलवर आईच्या चेहऱ्याचे दोन फोटो काढून ठेवले होते, त्याला दाखवायला. तो ते बघत ओसरीवर बसून राहिला आणि म्हणाला, "एवढ्या लांबून मी फोटो बघायला आलो." मग तिचा हात धरून म्हणाला, "बाबांच्या वेळी थांबव. काहीही कर, पण थांबव. मला तोंड बघायचंय." "थांबवीन," ती म्हणाली होती.

बडनेऱ्याजवळ मेसेज आला. तिकीट मिळालं होतं. टोरांटो ते दिल्ली, अकरा हजार सहाशे किलोमीटर, आणि पाकिस्तानवरचं आकाश बंद म्हणून वळसा घालून जायचं, त्यामुळे पंधरा तास चाळीस मिनिटं. बुधवारी दुपारी सव्वाबाराला दिल्ली. साडेतीनचं विमान, सव्वापाचला नागपूर. बेलोऱ्याला, अमरावतीच्याच विमानतळावर, येणारं मुंबईचं विमान त्या दिवशी नव्हतं, आणि असतं तरी जुळलं नसतं. नागपूरहून गाडीने तीन तास. रात्री सव्वाआठला घरी. खाली त्याने लिहिलं होतं: "बाबांना सांग मी येतोय. कानात सांग, ऐकू येतं त्यांना." पहिल्यांदा तो गेला होता तेव्हा नागपूरच्या विमानतळावर वडिलांनी त्याला विचारलं होतं, किती तास लागतात रे? आणि आकडा ऐकून म्हणाले होते, "हात्तिच्या. मेळघाटात धारणीच्या कोर्टात तारखेला गेलेला माणूस एवढ्याच वेळात परत येतो." सगळे हसले होते. तेव्हापासून घरात ते अंतर फार लांबचं असं कधी कुणी मानलंच नाही. कळवलं की एका दिवसात पोरगा दारात, असं वडील सगळ्यांना सांगायचे. एक दिवस म्हणजे किती मोठा, हे कुणी मोजून पाहिलं नव्हतं.

घरी पोचली तेव्हा अंगणात चपला होत्या. वामनराव फाटकातच उभे होते. ते वडिलांचे कोर्टातले जुने जोडीदार, आणि भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. "ये बाई," ते म्हणाले. "पेटी मागवून घेतली आहे. गौरांगला कळवलं?" "कळवलं," ती म्हणाली. मधल्या खोलीत काचेच्या झाकणाची शीतपेटी ठेवली होती आणि तिचं यंत्र खालून घुर्र करत होतं. वडिलांना पांढरा सदरा घातलेला होता. बेबीताईने दाढी करून दिली होती. हनुवटीखाली एक बारीक कापल्याची रेघ होती आणि तिच्यावर रक्त नव्हतं. अश्लेषा काचेला हात लावून उभी राहिली. काच थंड होती आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री. तिला, लाज वाटली तरी, बरं वाटलं त्या गारव्याने. गौरांगने कानात सांगायला सांगितलं होतं. मधे काच होती. तरी ती वाकली, आणि बायका बघत आहेत म्हणून तशीच सरळ झाली.

रात्र कशी गेली ते नंतर तिला नीट सांगता आलं नसतं. सकाळी मात्र ती फोनवर विमान बघत बसली. नकाशावर एक पिवळं इवलंसं विमान असतं, ते जागचं हलताना दिसत नाही, पण दुसरीकडे बघून परत पाहिलं की पुढे गेलेलं असतं. काळ्या समुद्रावर होतं. मग कितीतरी वेळ डोंगरांवर. मग ओमानच्या आखातावर. भेटायला आलेला प्रत्येक माणूस आधी पेटीकडे बघायचा, हात जोडायचा, आणि मग तिला विचारायचा, "गौरांग कुठवर आला?" ती फोन पुढे करायची. इंदूमावशीने तर चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "आलाच की गं, एवढंसंच तर राहिलंय." त्या एवढ्याशा पिवळ्या ठिपक्यात तिचा भाऊ होता, आणि त्याच्यापुरते बाबा जिवंत होते. साऱ्या जगात तेवढ्या एका जागी. विमान उतरलं की तिथलेही संपणार. तिने ते तिथे पाठवले होते, एका शब्दाने, आणि आता तिला वाटत होतं की विमान असंच जात राहावं, समुद्रावरून, दिल्ली येऊच नये. मग तिच्या लक्षात आलं, आपण हे त्याच्यासाठी मागत नाही.

साडेबाराला त्याचा फोन आला. मागे दिल्लीच्या विमानतळावरची अनाउन्समेंट ऐकू येत होती. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटलं. "उतरलो ताई. कसे आहेत?" मधल्या खोलीतून यंत्राची घुर्र ऐकू येत होती. "तसेच आहेत," ती म्हणाली. हे तर खोटंही नव्हतं. "थांबले बघ माझ्यासाठी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "मी विमानात अक्षरशः बोलत होतो त्यांच्याशी. म्हटलं, बाबा, एवढे तास काढा. काढले त्यांनी." ओट्यावर कालचा अर्धा कप चहा तसाच होता. त्यावर साय धरली होती. "खाऊन घे काहीतरी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दीड वाजता घुर्र थांबली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग पंखा थांबला आणि खोलीत एकदम सगळ्यांचे श्वास ऐकू आले. पेटीवाला सहदेव बाहेर जाऊन बघून आला. "डीपी उडाली ताई. अख्ख्या लाईनीची गेली. ते लोक म्हनतेत, सांजेपर्यंत काई खरं नाई." इन्व्हर्टरवर ती पेटी चालत नव्हती. जनरेटरसाठी वामनरावांनी सहा ठिकाणी फोन केले; लग्नसराई होती, सगळे मंडपात लागलेले. राजापेठेतून बर्फाच्या लाद्या आणल्या. सहदेवने त्या पोत्यात गुंडाळून पेटीत दोन्ही बाजूंना रचल्या. तासाभरात पाणी झिरपून पेटीच्या खालून निघालं, फरशीवरून ओसरीपर्यंत गेलं, आणि बसलेल्या बायका लुगडी आवरून भिंतीकडे सरकल्या. काचेवर आतून वाफ धरली. चेहरा दिसेना. आणखी बर्फ आला. तोही गेला. तीनच्या सुमाराला बेबीताईने कुणाला काही न बोलता उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला, आणि अश्लेषाकडे पाहून मान हलवली. अश्लेषाला तोवर वास आला नव्हता. बेबीताईने मान हलवल्यावर आला.

वामनराव तिला परसात घेऊन गेले. "बाई, ऐक माझं. चिंतामण माझ्याहून मोठा, त्याच्या बाबतीत मी वावगं सांगणार नाही. काल दुपारी गेला तो. ह्या उन्हात अजून पाच तास काढायचे, मग रात्री तर नेता येत नाही, म्हणजे उद्या सकाळ. त्या पोराला काय दाखवशील तू?" तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "मी बोलू का त्याच्याशी? समजदार आहे तो. म्हणेल, काका, करून घ्या." "आता विमानात बसला असेल," ती म्हणाली. घड्याळात पावणेचार झाले होते. दिल्लीहून विमान सुटून पंधरा मिनिटं झाली होती. पाऊण तास आधी हे बोलणं झालं असतं तर गौरांग फोनवर सापडला असता. पाऊण तास आधी ती काय करत होती? बर्फ उचलत होती. तिने फोन कंबरेला खोचलेला होता आणि तो दोनदा थरथरला होता, आणि तिने हात ओले आहेत असं स्वतःला सांगितलं होतं. "त्याला माहीत आहे ना पण?" वामनरावांनी एकदम विचारलं. कोर्टात सत्तरी गाठलेला माणूस. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं. "अरे देवा," ते म्हणाले. "मग तर आता नेलंच पाहिजे."

"अग्नी मी देते," अश्लेषा म्हणाली. कुणी आडवं आलं नाही. इंदूमावशी काहीतरी पुटपुटली, तिला वामनरावांनी हातानेच गप्प केलं. पेटी उघडली तेव्हा तिने गौरांगसाठी फोटो काढावा असं एक क्षण मनात आलं. तिने काढला नाही. दाखवावा असा तो चेहरा राहिला नव्हता.

स्मशानात ऊन अजून तिरपं पोळत होतं. मडकं खांद्यावर घेऊन तिने तीन फेऱ्या मारल्या; पाणी पाठीवरून वाहिलं ते गार लागलं. मडकं फोडलं. मग पलिता हातात दिला आणि पायाकडे की डोक्याकडे हे तिला कळेना, तेव्हा वामनरावांनी मनगट धरून हात नेला. लाकडं वाळकी होती. लगेच धरलं. सव्वापाचला कंबरेचा फोन थरथरला आणि तिने या वेळी बघितला. गौरांग. ती जाळापासून चार पावलांवर उभी होती, चेहऱ्याला झळ लागत होती, आणि हातात ते नाव उजळत होतं, विझत होतं. तो नागपूरला उतरला होता. दीडशे किलोमीटर. थरथर थांबली तेव्हा तिने लिहिलं, "ये. सावकाश ये." आणि पाठवलं.

तो आला तेव्हा वीज आली होती. खोली धुतलेली होती. जिथे पेटी होती तिथे पिठावर पणती ठेवली होती आणि तिच्यावर टोपली. गौरांग दारात बॅग खांद्यावर तशीच ठेवून उभा राहिला. आधी त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं, तिथला रिकामा पलंग पाहिला, मग पणती पाहिली. त्याला काही सांगावं लागलं नाही.

"कधी?"

"काल दुपारी."

तो मनात मोजत होता. तिला ते दिसत होतं. तो मागे मागे जात होता, गाडीतून विमानात, त्या विमानातून आधीच्या विमानात, तिथून पहाटेच्या सव्वाचारला. "म्हणजे मी विचारलं तेव्हा..."

"हो."

"आणि दिल्लीहून?"

"हो."

त्याने बॅग खाली ठेवली. "बरं केलंस," तो म्हणाला. "कळलं असतं तर बसवलं नसतं मला विमानात." आणि मग एकदम, जणू ते वाक्य दुसऱ्याच कुणी बोललं होतं, "तीन तास, ताई! तीन तास राहिले होते. नागपूरला होतो मी. तू शब्द दिला होतास." तिने बर्फाचं सांगितलं, विजेचं सांगितलं. सांगताना ते सगळं खरं होतं आणि तिलाच खोटं वाटत होतं. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. भिंतीला टेकून तो खाली बसला, गुडघे जवळ घेऊन, त्या धुतलेल्या फरशीवर. आतून बेबीताई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दाराच्या चौकटीत थांबली.

"तू होतीस ना जवळ?" तो खाली बघूनच म्हणाला. "मी नव्हतो तर नव्हतो. पण तू होतीस. एकटे नाही गेले ना ते?"

अश्लेषाने तोंड उघडलं. काल टाकीपाशी जो शब्द नको असताना आपसूक आला होता, तसा आज कुठलाच आला नाही. ना हो, ना नाही. पंख्याचा आवाज येत राहिला. तिला माहीत होतं, आता जेवढा वेळ जाईल तेवढं ते उत्तर होत जाईल, आणि तरी तिला बोलता येईना.

"होत्या ना जी," बेबीताई म्हणाली. तांब्या तिने गौरांगच्या पुढ्यात ठेवला. "ताईच होत्या. हात धरून बसल्या होत्या सायेबाचा. मी तं मागं कपडे धून राहिली होती."

मग गौरांग रडला. लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडून, आणि अश्लेषाचा हात ओढून घेऊन त्याने कपाळाला लावला. ती त्याच्याजवळ बसली. त्याचं डोकं जड होतं. तिने दाराकडे पाहिलं, पण बेबीताई तिच्याकडे बघत नव्हती. ती पदराने फरशीवर सांडलेलं पाणी पुसत होती.

थोड्या वेळाने बेबीताई आपली पिशवी घेऊन निघाली. अश्लेषा तिच्यामागे फाटकापर्यंत गेली. तिला विचारायचं होतं, का. म्हणायचं होतं, तो हात तुझ्या हातात होता, ते तू मला कशाला दिलंस, मी ते कुठे ठेवू. बेबीताईने चप्पल पायात सरकवली आणि कोयंड्याला हात घातला.

"वामनरावकडून पिठलं आलं हाय, दादाले खाऊ घाला," ती म्हणाली. "अन् ताई, उद्यापासून मले यायचं नाई ना आता?"

"नाही," अश्लेषा म्हणाली.